मेंढ्याचें वेळूबन

बांबू हें झाड कीं गवत, असा प्रश्न एखाद्या चौकस मुलानें शाळेंत विचारला, तर वनस्पतिशास्त्राचे शिक्षक विलंब न लावतां ‘गवत’ असें उत्तर देतील. ऊस, ज्वारी, हरळी यांच्याच कुळांतील तो एक थोराड भाऊबंद. हाच प्रश्न १९२७ च्या भारतीय वन-कायद्यास विचारला असतां मात्र उत्तर निराळें मिळत असे. त्या कायद्याच्या व्याख्येनें बांबू वृक्षांत मोडे, आणि रानांतून तोडलेला वृक्ष म्हणजे इमारती लांकूड. त्यावर सत्ता वनखात्याची. ही शब्दांची कसरत वाटेल. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत राहणाऱ्या माणसाच्या पोटाशीं ती निगडित होती. घराच्या भिंतीचा ताटवा, परसाचें कुंपण, धान्याची ढोली, सूप, टोपली, मासे धरण्याचा सापळा, हें सारें वेळूचें. निस्तारपत्रकांत नोंदलेल्या मर्यादेपलीकडे त्यानें चार वेळू आणले तर तो गुन्हेगार. आणि त्याच रानांतून बल्लारपूरच्या कागद-गिरणीकडे सरकारी करारानें वेळूंचे ट्रक भरभरून जात. ती गिरणी १९४५ सालीं स्थापन झाली. तिचा कागद शहरांतील सुशिक्षितांच्या घरोघर वह्यापुस्तकांच्या रूपानें पोंचलेला आहे. तेव्हां या गोष्टीशीं त्यांचाहि थोडासा संबंध आहेच.

वेळूचें बेट कसें वाढतें हें ठाऊक असल्यावांचून पुढील हकीकतीचें मर्म ध्यानीं यावयाचें नाहीं. बेट म्हणजे जमिनीखालील एका गड्ड्याचा विस्तार. मृगाच्या पावसानंतर त्या गड्ड्यांतून नवे कोंब वर येतात. त्या भागांत त्यांना वास्ते म्हणतात आणि त्यांची भाजी आवडीनें खातात. कोंब दोनतीन महिन्यांत पूर्ण उंचीस पोंचतो. पुढें आयुष्यभर त्याची जाडी वाढत नाहीं, वाढतो तो केवळ कठीणपणा. तीन वर्षांचा वेळू पक्का झाला असें धरतात. नव्या कोंबास प्रारंभीं पानें नसतात, म्हणजे स्वतःचें अन्न तयार करण्याचें साधन नसतें. थोरल्या वेळूंनीं केलेली सांठवण गड्ड्यामार्फत त्याला पोंचते. म्हणून पक्के वेळू तोडावे, पण चालू आणि गेल्या वर्षाचे राखावे. पावसाळ्यांत बेटास हात लावूं नये. घाव पेराच्या लगत वर असा घालावा कीं खोंटांत पाणी सांचून गड्डा कुजूं नये. नियम सोपे आहेत. परंतु तोडणाऱ्यास मालाच्या मापावर मजुरी मिळत असेल आणि पुढल्या वर्षीं त्याच बेटाशीं त्याला परत यावयाचें नसेल, तर ते त्यानें पाळावे कशासाठीं? हाताशीं येतील ते कोंवळे-पक्के सगळे तो तोडतो, मधले गुंतलेले जुने वेळू तसेच राहतात, आणि बेट गुदमरतें. त्यांतच कधीं फुलोऱ्याचें वर्ष येतें. कित्येक वर्षांच्या, बहुधा तीसचाळीस वर्षांच्या, अंतरानें एका टापूंतील बेटें एकदमच फुलतात, बीं धरतात आणि मरून जातात. मग बियांपासून नवें बन उभें राहीपर्यंत वणवा आणि गुरें यांपासून त्या रोपट्यांस कोणीतरी जपावें लागतें.

अज्ञान नेहमीं अडाण्याकडेच असतें असेंहि नाहीं. कारवार जिल्ह्यांत दांडेलीच्या कागद-गिरणीस माल पुरविणारीं वेळूबनें १९७० नंतर झपाट्यानें विरळ होऊं लागलीं. दोष गांवकऱ्यांस आणि त्यांच्या गुरांस देण्यांत आला. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील डॉ. माधव गाडगीळ व त्यांचे सहकारी यांनीं रानांत हिंडून बेटें तपासलीं, तेव्हां निराळेंच आढळलें. बेटाच्या बुंध्याशीं काटेरी फांद्यांचें दाट जाळें असतें. त्याचा तोडणीस अडथळा होतो, शिवाय बेट मोकळें केलें म्हणजे वाढ चांगली होते, अशा समजुतीनें गिरणीचे मजूर तें जाळें साफ करीत. उघड्या पडलेल्या कोंवळ्या कोंबांवर मग गुरें, वानरें आणि साळिंदर यांनीं ताव मारावा हें ओघानेंच आलें. काटे काढूं नयेत हें गांवकऱ्यांस पूर्वींपासून ठाऊक होतें. घरापुरता वेळू तोडतांना ते काटे तसेच ठेवीत. त्यांना कोणीं विचारलें नव्हतें, एवढेंच.

कारवारच्या गांवकऱ्यांजवळ ज्ञान होतें पण अधिकार नव्हता. गिरणीजवळ अधिकार होता पण ज्ञान नव्हतें. हीं दोन्ही एकाच हातीं आलीं म्हणजे काय घडतें, तें पाहावयाचें असेल तर गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा तालुक्यांत मेंढा या गांवीं जावें. शेजारच्या गांवाचें नांव जोडून त्याला मेंढा-लेखा असेंहि म्हणतात. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या वाटेनें सुमारें तीस किलोमीटर. जवळून कठाणी नदी वाहते. शंभराच्या आसपास घरें, चारपांचशें वस्ती, सारी गोंडांची. भोंवतीं सुमारें १,८०० हेक्टर रान: साग, ऐन, मोह, तेंदू, चारोळी, आंवळा, आणि त्यांच्या सावलींत वेळूचीं बेटें.

१९८० नंतरच्या कांहीं वर्षांत गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशीं दोन मोठीं धरणें बांधण्याचा बेत होता. त्यांत या भागांतील विस्तीर्ण रान आणि अनेक गांवें बुडणार होतीं. बाबा आमटे, गोंड पुढारी लाल श्याम शाह इत्यादिकांच्या नेतृत्वाखालीं ‘जंगल बचाव, मानव बचाव’ ही चळवळ उभी राहिली, आणि दोन्ही बेत मागें पडले. लढा संपला कीं लोक आपापल्या घरीं परततात, हा नेहमींचा अनुभव. मेंढ्याचे देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्यापुढें मात्र त्यानंतरचा प्रश्न उभा राहिला. धरणापासून वांचलेलें जंगल कुऱ्हाडीपासून कोण वांचविणार? सरकार म्हणावें, तर गिरणीचा करार सरकारनेंच केलेला. गांव म्हणावें, तर रान आपलें नाहीं असें गांवास दोन पिढ्या शिकविलेलें.

आरंभ झाला तो एका निराळ्याच ठिकाणाहून. गोंडांच्या घोटुलाविषयीं शहरांतील मासिकांतून पुष्कळ चटोर लिखाण झालेलें आहे. वस्तुतः तरुण मुलामुलींनीं सायंकाळीं एकत्र जमून गाणीं, नाच, कामाची वांटणी आणि गांवाची रीतभात शिकावी, अशी ती एक शाळाच. मेंढ्याच्या लोकांनीं ही मोडकळीस आलेली प्रथा पुन्हा सुरू करण्याचें ठरविलें आणि सागवानी खांबांचें घोटुल उभारलें. सागवान सरकारी, म्हणून वनखात्यानें तें मोडून नेलें. त्यावर भोंवतालच्या गांवांनीं सभा भरविल्या, आणि एकाच्या जागीं बारा गांवांत घोटुलें उभीं राहिलीं. बारा ठिकाणचे खांब उपटणें खात्यास जमलें नाहीं. तरुणांच्या जागेवरून सुरू झालेला हा तंटा पुढें जंगलावरील अधिकाराच्या मागणीचा पाया ठरला.

‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गांवांत आमचें राज्य, अशी घोषणा मेंढ्यानें दिली. ‘दिल्ली-मुंबईत आमचें सरकार, आमच्या गांवांत आम्हीच सरकार’ असें तिचें मराठी रूप सर्वत्र प्रसिद्ध झालें. पुष्कळांना ती बंडखोरीची वाटली. पण तिच्यामागची रीत पाहिली तर ती बंडखोरीपेक्षां कष्टाचीच अधिक होती. ग्रामसभेंत प्रत्येक घरांतून पुरुष व स्त्री दोघांनींहि यावें, आणि निर्णय बहुमतानें न घेतां सर्वसंमतीनें घ्यावा, असा नियम झाला. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढील सभेवर जाई. शहरांतील समित्यांचा अनुभव असलेल्या माणसास हें वाचून घाम फुटेल! कांहीं निर्णयांस खरोखरच फार वेळ लागला. पण जंगल राखण्याच्या कामीं या सावकाशीचा एक मोठा उपयोग आहे. बहुमतानें केलेला नियम मोडण्यास अल्पमताची कुऱ्हाड मोकळी राहते. रानांत दर झाडापाशीं पहारेकरी ठेवतां येत नाहीं.

सभेच्या जोडीला अभ्यासगट होते. सभेनें निर्णय घ्यावयाचा, अभ्यासगटानें निर्णय न घेतां केवळ समजून घ्यावयाचें, अशी वांटणी होती. अभ्यासगटांत बाहेरच्या माणसासहि बसण्यास मोकळीक असे. कायदा जाणणारे, वनस्पति ओळखणारे येत, बोलत, ऐकत. निर्णयाच्या वेळीं मात्र गांवाचें गांवानें पाहावें. तज्ज्ञास मान द्यावा पण सत्ता देऊं नये, ही गोष्ट फार थोड्या संस्थांना साधते.

या बैठकींतून नियम निघाले. फळांसाठीं झाड तोडूं नये. चारोळी, आंवळा यांच्या फांद्या छाटून फळें गोळा करण्याची घातक संवय वाढली होती. ती बंद झाली. घरगुती गरजेपुरतेंच लांकूड आणावें, तेंहि सभेस विचारून. बाहेरच्या कोणासहि सभेच्या परवानगीवांचून रानांत तोड करतां येऊं नये. गिरणीच्या मजुरांसहि हाच नियम. पाळीपाळीनें गस्त घालावी, वणवा दिसला तर सर्वांनीं धांवावें. १९९२ सालीं राज्य सरकारनें गांवें आणि वनखातें यांच्या संयुक्त वनव्यवस्थापनाची योजना काढली, ती उजाड झालेल्या जंगलांपुरती होती. मेंढ्यानें आपल्या उभ्या, चांगल्या जंगलासाठीं तिचा आग्रह धरला. जंगल राखणाऱ्यास वांटा नाहीं आणि उजाड करणाऱ्यास योजना, हा न्याय उफराटा होता खरा.

मधाची हकीकत थोडी विस्तारानें सांगण्याजोगी आहे. आग्या मोहोळाचें पोळें उंच फांदीवर एकच एक लोंबतें. रात्रीं खालून पलिता धरावयाचा, माशा जाळावयाच्या किंवा पळवावयाच्या आणि सबंध पोळें कापून आणावयाचें, ही जुनी पद्धति. तींत माशा मरतात, अंडीं व अळ्या नासतात, मधांत राख व अळ्यांचा रस मिसळतो, आणि माणूसहि डंखांनीं बेजार होतो. अभ्यासगटानें माशीचें वर्तन पाहिलें. मध सांठविलेला असतो तो पोळ्याच्या वरच्या अंगास, फांदीलगत. पिलें वाढतात तीं खालीं. अंगभर जाळीदार पोशाख घालून केवळ मधाचा भाग कापला आणि पिलांचा भाग तसाच ठेवला, तर माशा परत येऊन पोळें पुन्हा भरतात. मध स्वच्छ मिळतो, मोहोळ जगतें. माशी न मारतां मध काढण्याची ही रीत मेंढ्यांत रुळली. येथें झालेलें संशोधन कोणत्याहि प्रयोगशाळेंतल्या संशोधनाहून स्वभावतः वेगळें नव्हतें: पाहणें, शंका घेणें, करून पाहणें. फरक इतकाच, कीं निष्कर्ष चुकला तर डंख संशोधकासच बसणार होता.

इतकें सारें झालें तें कायद्याचा आधार नसतांना. तो आधार २००६ सालच्या वनहक्क-कायद्यानें आला. या कायद्यानें गौण वनोपजाच्या यादींत तेंदूपानें, मध, मेण, लाख यांच्या बरोबरीनें बांबूचेंहि नांव घातलें, आणि रान राखण्याचा व त्याची व्यवस्था पाहण्याचा हक्क ग्रामसभेस दिला. २००९ सालीं मेंढा आणि त्याच जिल्ह्यांतील मर्दा या गांवांस सामूहिक वनहक्क मिळाले. देशांत असे हक्क मिळालेलीं तीं पहिलीं गांवें. तरीहि घोडें अडलें. वेळू गांवाचा झाला, पण तो रस्त्यानें नेण्यास वाहतुकीचा पास लागतो, आणि पास देणारें खातें बांबू हा वृक्षच आहे असें म्हणत राहिलें. मालकी आहे पण विकतां येत नाहीं, अशी ही मालकी. मार्च २०११ मध्यें केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनीं सर्व मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून बांबू हा गौण वनोपज मानावा असें कळविलें. आणि २७ एप्रिल २०११ रोजीं ते व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यास आले, तेव्हां पासांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं पडलें. तें पुस्तक म्हणजे कांहीं छापील पानें. पण पास लिहिण्याचा अधिकार गांवाकडे येण्यास हक्कपत्रानंतरहि वर्षाहून अधिक काळ लागला होता. पुढील हंगामांत वेळूच्या विक्रीनें ग्रामसभेच्या खात्यांत कोटीच्या घरांत रक्कम जमा झाली. बांबू खासगी जमिनीवर उगवलेला असल्यास त्याला वृक्षाच्या व्याख्येंतून मुक्त करण्यास मात्र संसदेस २०१७ साल उजाडावें लागलें.

पैसा आला म्हणजे परीक्षा सुरू होते. तोडणी कोणत्या बेटांत, किती, कोणीं करावयाची. गठ्ठ्यांत वेळू किती. मजुरीचे पैसे केव्हां. लिलांवाचीं कागदपत्रें कोणीं तपासावयाचीं? येथें शिकलेल्या मुलामुलींचें काम पडतें. वयस्कांना बेट ओळखतां येतें, पण हिशेबाची वही वाचतां येत नाहीं. शाळेंत गेलेल्यांना वही वाचतां येते, पण पुष्कळदां बेट ओळखतां येत नाहीं. गांवांतील जैवविविधतेची नोंदवही करण्याच्या कामानें हीं दोन टोकें जवळ आणलीं. झाडाचें गोंडी नांव, त्याचा उपयोग, पूर्वीं कोठें होतें आणि आतां कोठें उरलें, हें वडीलधाऱ्यांनीं सांगावें आणि तरुणांनीं लिहावें. बाहेर शिकण्यास गेलेला मुलगा सुटींत आजोबांबरोबर रान फिरला, तर त्याच्या पुस्तकी वनस्पतिशास्त्रासहि पालवी फुटते. २०१३ सालीं गांवानें ग्रामदानाचा ठराव करून शेतजमिनीचीहि मालकी ग्रामसभेकडे देण्याचें ठरविलें. तो विषय स्वतंत्र आहे आणि येथें त्यांत शिरण्याचें कारण नाहीं.

वरून केलेलें संरक्षण आणि गांवानें केलेलें संरक्षण यांतील अंतर केवळ रानांतच दिसतें असें नाहीं. समुद्रहि तीच गोष्ट सांगतो. मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतींच्या उथळ पाण्यांत पोंवळ्यांचे खडक आहेत. पोंवळें म्हणजे सूक्ष्म प्राण्यांची वसाहत. त्यांच्या अंगांत राहणारें शेवाळ त्यांना अन्न पुरवितें. पाणी नेहमींपेक्षां एकदोन अंशांनीं जरी पुष्कळ दिवस तापलें तरी तें शेवाळ निघून जातें, पोंवळीं पांढरीं पडतात, आणि ताप टिकला तर मरतात. खडकाच्या आश्रयानें मासळी वाढते. म्हणजे मच्छीमारास जें मोल पोंवळ्याचें, तेंच गोंडास वेळूबनाचें. १९८७ सालीं सरकारनें येथें २९ चौरस किलोमीटरांचें सागरी अभयारण्य जाहीर केलें. हेतु उत्तम होता. परंतु ज्यांचीं जाळीं त्याच पाण्यांत पडत त्या गाबीत मच्छीमारांस विश्वासांत घेतलेलें नव्हतें, आणि जो विरोध सुरू झाला तो कित्येक वर्षें शमला नाहीं. २०१० नंतरच्या दशकांत शास्त्रज्ञांनीं जिवंत पोंवळ्यांचे तुकडे पाण्याखालील चौकटींवर बांधून खडक पुन्हा वाढविण्याचे प्रयोग केले. मालवण-तारकर्लीचे तरुण पाण्याखालीं बुडी मारण्याचें शास्त्रशुद्ध शिक्षण घेऊन पाहुण्यांना पोंवळीं दाखवूं लागले. खडक जगला तर आपला धंदा जगेल, हा हिशेब त्यांच्या घरांत शिरला. पाहुण्यांच्या होड्यांचे नांगर कधीं कधीं त्याच पोंवळ्यांवर पडतात, हेंहि खरें. पण नांगर कोठें टाकावा हें किनाऱ्यावरच्या माणसांनींच ठरविलें, तरच तें पाळलें जाईल.

गडचिरोलींत मेंढ्यानंतर हजाराहून अधिक गांवांस सामूहिक वनहक्क मिळाले. सगळींच मेंढा झालीं असें म्हणणें भाबडेपणाचें ठरेल. कित्येक ठिकाणीं ग्रामसभेचें नांव आणि ठेकेदाराचा कारभार अशी स्थिति आहे. तेंदूपानांचे भाव कोसळले कीं ठेकेदार हात वर करतो आणि मजुरी अडकते. एटापल्लीकडे सूरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाचें उत्खनन चालूं आहे, आणि भोंवतालच्या अनेक ग्रामसभांनीं त्यास विरोध नोंदविला आहे. झाडाच्या पानावर गांवाचा हक्क आणि मुळाखालच्या दगडावर दुसऱ्याचा, असा हा पेंच. अभ्यासगटानें आणि सर्वसंमतीनें तो एकट्या गांवास सुटण्याजोगा नाहीं.

तरीहि चंद्रपूर जिल्ह्यांतील एका गांवाची हकीकत येथें सांगितलीच पाहिजे. गोंडपिपरी तालुक्यांतील पाचगांवास २०१२ सालीं सुमारें हजार हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाले. वेळू विकून गांवास चांगलें उत्पन्न होऊं लागलें. त्याच वेळीं तेंदूपानांचा प्रश्न पुढें आला. उन्हाळ्यांत शेतीचें काम नसतांना रोख पैसा देणारें हेंच एक पीक. पण कोंवळीं पानें भरपूर फुटावीं म्हणून तेंदूच्या फांद्या छाटतात आणि जमिनीवर आगी लावतात. त्या आगींत वेळूचीं रोपटीं व पडलेलें बीं जळून जातें. पाचगांवच्या ग्रामसभेनें विचार करून तेंदूपानें तोडणें सोडून दिलें, आणि आपल्या रानांतील ३४ हेक्टरांचा एक भाग असा राखला कीं तेथें कोणीं कांहींच तोडूं नये, वेळूसुद्धां. हें ठरवितांना त्यांना कोणा खात्यानें आज्ञा केली नव्हती. आणि सोडलेल्या उत्पन्नाची भरपाईहि कोणीं देऊं केली नव्हती.